कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून गाडीत अँप्लिफायर आणि सबवूफर कसा बसवायचा

नवी गाडी घेतल्यावर बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट खटकते. तबला ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमारा येत नाही. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर ताशा कानात घुसतो आणि ढोल मात्र पुठ्ठ्यावर थापा मारल्यासारखा वाजतो. स्टिरिओचा आवाज वाढवला की हे आणखी बिघडतं.

यात स्पीकरचा फारसा दोष नाही. दाराच्या पत्र्यात बसवलेला साडेसहा इंची स्पीकर साधारण ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खाली दमतो. बास गिटारची सर्वांत जाड तार मात्र ४१ हर्ट्झवर वाजते. दुसरी अडचण स्टिरिओच्या ताकदीची. डब्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असतं, पण इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या व्होल्टेजमधून ४ ओहमच्या स्पीकरला न फाटलेला आवाज द्यायचा, तर गणितानंच २६ वॉटच्या पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० वॉट मिळतात. शिवाय छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक कंपन्यांचे स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस आपोआप कमी करतात.

पूर्वी यावर उपाय म्हणून अख्खा स्टिरिओच बदलत. आता रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, काही गाड्यांत एसीची सेटिंगसुद्धा त्याच स्क्रीनमध्ये असते. म्हणून स्टिरिओला हात न लावता मागे स्वतंत्र अँप्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारी पेटी) आणि सबवूफर (फक्त खर्जातले सूर वाजवणारा मोठा स्पीकर) जोडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चार दारांच्या स्पीकरची साधी पेट्रोल हॅचबॅक डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितो आहे. सेडान किंवा छोट्या एसयूव्हीतही पद्धत हीच, फक्त वायर थोडी जास्त लागते.

माझ्या आधीच्या गाडीत हे काम एका फिटरनं दोन तासांत करून दिलं होतं. आवाज छान होता. वर्षभरानं सर्व्हिसिंगच्या वेळी बॉनेटमध्ये पाहिलं, तर बॅटरीवरून आत गेलेली लाल वायर एका पत्र्याच्या कडेवर घासून तिचं आवरण निम्म्याहून जास्त झिजलं होतं, आणि त्या वायरवर कुठेही फ्यूज नव्हता. आणखी काही महिने गेले असते, तर तांबं बॉडीला टेकून बॉनेटखाली आग लागली असती. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळ वायरिंगला देतो. तुम्ही फिटरकडूनच करून घेणार असाल, तरी पुढचं वाचून घ्या, म्हणजे त्याच्याशेजारी उभं राहून काय पाहायचं ते कळेल.

काय घ्यायचं

जागा आधी ठरवा. डिकीचा कोपरा द्यायची तयारी असेल, तर दहा इंची सबवूफर बंद खोक्यात आणि त्यासोबत एका चॅनेलचा, म्हणजे मोनो, क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर ही जोडी घ्या. डिकी सोडायची नसेल किंवा सीएनजीची टाकी डिकीत असेल, तर सीटखाली बसणारा चपटा सबवूफर घ्या. त्यात अँप्लिफायर आतच असतो. पायोनिअर, जेबीएल, ब्लाउपुंक्ट या सगळ्यांकडे असे सबवूफर मिळतात. त्याचा दणका डिकीतल्या दहा इंचीएवढा नसतो, पण भजनं, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्याला तो पुरतो. वायरिंग दोन्हींत सारखंच.

खोकी दोन प्रकारची असतात. भोक असलेलं पोर्टेड खोकं जास्त दणदणीत वाजतं. पूर्ण बंद, म्हणजे सील्ड खोक्यात आवाज थोडा कमी पण नेटका येतो, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो आणि खोकं लहान असल्यानं जागाही वाचते. मी सील्डच घेतो. दहा इंची सबवूफरला बहुतेक वेळा २० लिटरच्या आसपासचं खोकं लागतं, तरी नेमका आकडा सबवूफरसोबतच्या कागदावर पाहून घ्या. खोकं सुताराकडून करून घेणार असाल आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर एमडीएफऐवजी वॉटरप्रूफ प्लाय वापरायला सांगा. पावसाळी दमटपणात एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात आणि खोकं हवा सोडू लागतं.

खरेदी करताना फक्त आरएमएस वॉट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, बघा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०० वॉट’ लिहिलेलं असतं ते क्षणभराच्या शिखराचं असतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पुढचा हिशोब मी ४ ओहमच्या, २५० वॉट आरएमएस सबवूफरचा आणि ४ ओहमला ३०० वॉट आरएमएस देणाऱ्या अँप्लिफायरचा धरतो. हॅचबॅकच्या आत हे भरपूर होतं. सबवूफरला दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) असतील, तर जोडणीप्रमाणे ओहम बदलतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात आणि एकापुढे एक जोडल्या तर ८. अँप्लिफायर २ ओहमला चालतो का, हे पैसे देण्याआधी तपासा.

अँप्लिफायर घेताना ‘हाय लेव्हल इनपुट’ आहे याची खात्री करा. कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीएच्या (अँप्लिफायरला सिग्नल द्यायच्या गोल पिनेच्या) खाचा नसतात, त्यामुळे सिग्नल स्पीकरच्या वायरीतूनच घ्यावा लागतो. ही सोय असलेला अँप्लिफायर तो थेट घेतो. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लावावी लागते.

आता वायर. बाजारात वायरिंग किटच्या पिशवीवर ‘४ गेज’ लिहिलेलं असतं, पण आत बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार निघते. अॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६० टक्के वीज वाहून नेतं, आणि दमट हवेत लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीच्या) सांध्यावर लवकर खराब होतं. ओळखायची रीत सोपी आहे. तारेचा एक पेड ब्लेडनं खरवडा. आत पांढरं दिसलं तर अॅल्युमिनियम. मी किट न घेता पूर्ण तांब्याची वायर मीटरवर घेतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे वायर, लग, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी, फ्यूज होल्डर सगळं सुटं मिळतं. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड, हे लक्षात असू द्या.

किती जाड लागेल याचा हिशोब असा. क्लास-डी अँप्लिफायरची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली, तर ३०० वॉट द्यायला तो सुमारे ३७५ वॉट ओढतो. १३.८ व्होल्टला ते २७ अँपिअर होतात. ८ गेजच्या तांब्याच्या ५ मीटर वायरीत तेवढ्या प्रवाहाला जेमतेम ०.३ व्होल्ट पडतात. म्हणजे या अँप्लिफायरला अस्सल तांब्याची ८ गेज पुरेशी आहे. पुढे मोठा अँप्लिफायर लावायचा विचार असेल तर आत्ताच ४ गेज टाका, कारण वायर ओढायचं काम दोनदा करण्यासारखं नाही.

बॅटरीपासून डिकीपर्यंत

सुरुवात बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार काढून. दहा नंबरचा पाना लागतो. त्याआधी दोन गोष्टी करून घ्या. तुमचा स्टिरिओ बॅटरी काढल्यावर कोड मागणारा असेल तर तो कोड हाताशी ठेवा, आणि गाडीची चावी खिशात ठेवा. तार काढल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरते. गाडीत कुठेही पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला, तर तो एअरबॅगचा समजा. त्याला हात लावायचा नाही, टेस्टर टोचायचा नाही, त्याला आपली वायर बांधायचीही नाही.

बॉनेटमधून केबिनमध्ये येण्यासाठी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, वायरींच्या भोकांत रबरी ग्रोमेट (बुचं) असतात. कंपनीच्या वायरिंगचा मोठा ग्रोमेट शोधा. त्यात बहुतेक वेळा एक कोरी बोंडी असते. तिला चीर देऊन ताठ तार आत सरकवा, त्या तारेला लाल वायर बांधा आणि आतून ओढून घ्या. नवं भोक पाडावंच लागलं, तर मागे काय आहे हे आधी पाहा, भोकाच्या कडेला रंग लावा आणि नवा ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत केबिनमध्ये न येता त्या झोक्यावरून खाली गळेल. जुलैमध्ये पायाखालची मॅट ओली का होते याचं उत्तर बऱ्याच गाड्यांत या ग्रोमेटपाशी सापडतं.

बॉनेटमधली पूर्ण लांबी काळ्या कोरुगेटेड नळीत घाला आणि गरम भागांपासून, फिरत्या पट्ट्यापासून लांब बांधा. पार्किंगमध्ये उंदरांचा त्रास असेल तर ही नळी आणखी गरजेची.

आणि फ्यूज. तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. अँप्लिफायरवर स्वतःचे फ्यूज असतात ते अँप्लिफायरसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज मधल्या पाच मीटर वायरीसाठी असतो. अपघातात पत्रा चेपला किंवा वायर कुठे घासली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर त्या वायरीत धावतात आणि काही क्षणांत ती लाल होते. फ्यूजच तेवढा तो प्रवाह तोडतो. त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आपल्या ८ गेजच्या वायरीला आणि या अँप्लिफायरला ४० अँपिअर योग्य आहे. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकला असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. आत्ता फक्त होल्डर बसवा, फ्यूज त्यात घालू नका. तो सगळ्यात शेवटी.

केबिनमध्ये दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिक पट्ट्या हातानं वर उचलल्या की निघतात. त्याखालून लाल वायर एका बाजूनं मागे न्या. सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूनं न्यायची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होणारी शिटी सबवूफरमधून ऐकू येऊ शकते. पुढच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर त्या खांबात चढवू नका, उंबऱ्यावरच ठेवा.

अर्थिंग हा या कामातला सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीची हवी. डिकीत बॉडीच्या जाड पत्र्यावरचा एखादा बोल्ट निवडा, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पत्रा उघडा करा, लग आणि दातेरी वॉशर लावून घट्ट आवळा, मग वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे गंज चढणार नाही. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो एका ठरावीक ताकदीनं आवळलेला असतो आणि त्यावर माणसाचा जीव असतो. काही जण काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्यांत, त्या टर्मिनलवर बॅटरीचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून वायर जोडली तर गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो. म्हणून अर्थिंग बॉडीलाच.

डिकीत स्क्रू मारताना खाली काय आहे ते गाडीखाली वाकून पाहा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात, आणि सीएनजीच्या गाडीत उच्च दाबाची नळी. मी अँप्लिफायर पत्र्याला न ठोकता खोक्याच्या मागच्या बाजूला किंवा प्लायच्या तुकड्यावर बसवतो. त्याला वारा मिळेल एवढी जागा सोडा.

सिग्नल आणि रिमोट

स्टिरिओच्या मागच्या कपलरमध्ये मागच्या दोन स्पीकरच्या चार वायरी असतात. त्या कापण्याऐवजी तुमच्या गाडीचं तयार टी-कपलर घ्या. एक टोक स्टिरिओत, दुसरं कंपनीच्या वायरिंगमध्ये आणि तिसऱ्या टोकातून आपल्याला सिग्नल. कंपनीची एकही वायर कापली जात नाही, आणि पुढे वॉरंटीत इलेक्ट्रिकल तक्रार घेऊन गेलात तर वाद घालायला कारण कमी उरतं. कपलर मिळालंच नाही, तर वायर कापण्याऐवजी आवरण सोलून सोल्डर करा आणि हीट श्रिंक चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर उन्हाळ्यात सुटते, कारण टेपचा गोंद वितळतो.

एक चूक महागात पडते. स्टिरिओच्या स्पीकरची निगेटिव्ह वायर ही गाडीची अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. ती बॉडीला टेकवली किंवा दोन स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र जोडल्या, तर स्टिरिओचा आतला आयसी जळतो आणि स्क्रीनसकट अख्खा डबा बदलावा लागू शकतो. चारही वायरी वेगवेगळ्या अँप्लिफायरपर्यंत न्या. कन्व्हर्टर वापरत असाल तर तो स्टिरिओजवळ न ठेवता अँप्लिफायरजवळ ठेवा, कारण स्पीकरच्या पातळीचा सिग्नल लांबवर नेताना त्यात कमी गोंगाट शिरतो.

अँप्लिफायर चालू-बंद कधी व्हायचा हे रिमोट नावाची बारीक वायर सांगते. कंपनीच्या स्टिरिओला ती बहुधा नसते. अनेक हाय लेव्हल अँप्लिफायर स्पीकर वायरीतलं साधारण ६ व्होल्टचं स्थिर व्होल्टेज ओळखून स्वतःच चालू होतात. ती सोय नसेल तर फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच वीज येणारा एखादा फ्यूज मल्टीमीटरनं शोधा आणि त्यावर फ्यूज टॅप लावून १ अँपिअरच्या फ्यूजसह वायर घ्या. रिमोट थेट बॅटरीला जोडला, तर छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन दिवस उभ्या गाडीत उतरू शकते.

आवाज जुळवणं

सगळं जोडून झालं, निगेटिव्ह तार परत लावली, मग होल्डरमध्ये फ्यूज घाला. सबवूफरची वायर अजून अँप्लिफायरला लावू नका.

अँप्लिफायरवर गेनची खुंटी असते, तिला बहुतेक जण आवाजाची खुंटी समजून शेवटपर्यंत फिरवतात. तसं केलं की अँप्लिफायर क्षमतेबाहेर जातो, लहरींची टोकं कापली जातात, आणि कॉइल जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. गेनचं काम स्टिरिओचा सिग्नल आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालण्याचं. पद्धत ही:

आधी स्टिरिओवरचा बेस, ट्रेबल मधोमध ठेवा. ओळखीचं गाणं लावून आवाज वाढवत जा. जिथे गाणाऱ्याचा आवाज चरचरू लागतो तिथून दोन-तीन पायऱ्या खाली या. हा तुमचा कमाल आवाज, बहुधा तो तीन चतुर्थांशाच्या आसपास येतो. आता अँप्लिफायरचा बेस बूस्ट शून्यावर, गेन अगदी कमी, आणि इंजिन चालू. पेनड्राइव्हवरून ० डेसिबलचा ५० हर्ट्झ टोन याच आवाजावर वाजवा. या टोनपुरता दारांच्या स्पीकरांवर ताण येतो, म्हणून भराभर उरका. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत जायचं? वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. २५० गुणिले ४ म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. मीटरवर साडेएकतीस दिसले की थांबा. टोन बंद करा, सबवूफर जोडा.

लो पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या वरचे सूर अडवणारी खुंटी, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. बोललेले शब्द सबवूफरमधून ऐकू येत असतील तर तो आणखी खाली आणा. पोर्टेड खोकं असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० हर्ट्झवर हवाच, नाहीतर अतिखालच्या सुरांवर कोन बेताल हलतो. मग चालकाच्या सीटवर बसा आणि दुसऱ्या कुणाला फेजचं (कोन हलण्याची दिशा उलटवणारं) बटण ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. ज्या बाजूला डग्गा जास्त भरीव वाटेल ती ठेवा. बेस बूस्टचा मोह टाळा. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते आणि ६ डेसिबलला चौपट.

जुळवायला मी पखवाजाची साथ असलेलं ध्रुपद लावतो. पखवाजाचा ‘धा’ पसरट न होता गोल वाजला आणि तो डिकीतून येतोय असं न वाटता समोरून येतोय असं वाटलं, तर काम जमलं. मागून बेस ओढल्यासारखा वाटत असेल तर सबवूफरची पातळी जास्त आहे.

बेस आला की गाडीतल्या सैल गोष्टी बोलू लागतात. डिकीच्या दाराचं प्लॅस्टिक, पार्सल ट्रे, नंबर प्लेट. डिकीच्या दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे (थरथर शोषणाऱ्या रबराचे) पट्टे चिकटवले तर फरक लगेच कळतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट उघडायची नाही, तिच्या कडेतून मागे फोमची पातळ पट्टी सरकवली तरी पुरतं.

आणखी दोन तपासण्या. गाडी बंद करून अर्ध्या तासानं अँप्लिफायरचा दिवा विझलेला आहे का पाहा. शक्य असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टीमीटर अँपिअरवर लावून उभ्या गाडीचा प्रवाह मोजा, तो ५० मिलिअँपिअरच्या खाली असायला हवा. मोजताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जातो. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ही ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी नोंदवा, नाहीतर चोरी किंवा अपघातात तिची भरपाई मिळत नाही.

आठवडाभर गाडी चालवल्यावर एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळा. तांब्याचे पेड दाबाखाली बसतात आणि लग थोडे ढिले होतात. अर्धा तास मोठ्या आवाजात गाणी वाजवून फ्यूज होल्डर आणि अर्थिंगच्या बोल्टला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं असेल, तर तिथला सांधा उघडा, घासा आणि नव्या लगनं परत जोडा.